योजना बेळगावात, भाषा कोल्हापुरात

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील आरोग्यसेवेविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. रुग्णालयांच्या इमारती, खाटा, डॉक्टरांची रिक्त पदे, बंद पडलेल्या रुग्णवाहिका यांना त्यात जागा मिळते आणि ती मिळायलाच हवी. मात्र ज्या उपचाराला खाट लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, बहुतेक वेळा औषधाची चिठ्ठीही लागत नाही, त्याची आठवण या चर्चेत कोणाला होत नाही. उशिरा बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या किंवा ऐकू न आल्यामुळे बोलू न शकणाऱ्या लहान मुलांना लागणारी स्पीच थेरपी, म्हणजेच वाचा व भाषा उपचार, हा तो विषय आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातील मराठी घरांना तो कितपत मिळतो, याबद्दल मला काही लिहायचे आहे. मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत अनेक वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला आहे, त्यामुळे ही मुले मला उशिरा का होईना, पण जवळून पाहता आली.

साधारणपणे वर्षाच्या आसपास मूल पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते आणि दुसरे वर्ष संपेपर्यंत दोन शब्द जोडून बोलू लागते. तसे झाले नाही तर आपल्याकडे आधी वेखंड उगाळले जाते, मग नवस बोलला जातो आणि ‘याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ असे सांगून सुनेची समजूत घातली जाते. उशिरा बोलणारी काही मुले पुढे खरोखरच आपोआप बोलू लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आपले मूल त्यांपैकी आहे की नाही, हे घरात बसून ठरवता येत नाही. त्यासाठी सर्वप्रथम कानाची तपासणी व्हायला हवी. नवजात बाळाच्या श्रवणाची चाचणी बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, हा या क्षेत्रातील मान्य दंडक आहे. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 पासून अस्तित्वात आहे. असे असूनही पहिलीत नाव घालायला आणलेल्या मुलाच्या पालकांना ‘कान कधी तपासले का?’ असे विचारले, की नकारार्थी मान हलते, हा माझा नेहमीचा अनुभव होता.

खर्चाचा विचार केला तर या मुलांची अवस्था फारच चमत्कारिक आहे. आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यातून दोनदा पाऊण तास बसून घ्यावयाचा उपचार तिच्या चौकटीत बसत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात थेरपीचा खर्च मिळतो, पण ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मधील एकवीस प्रकारांच्या यादीत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ आहे खरे, पण त्याची व्याख्या वाचल्यावर मी थक्कच झाले. स्वरयंत्र काढून टाकणे किंवा मेंदूच्या आजारामुळे वाचा जाणे अशा कारणांनी आलेले कायमचे दिव्यांगत्व तिथे अभिप्रेत आहे. म्हणजे ज्या मुलाला नीट ऐकू येते, ज्याला स्वमग्नता नाही, ज्याची बुद्धी चांगली आहे आणि तरीही साडेतीन वर्षांचे होऊन ज्याच्या तोंडी दहाबारा शब्दांपलीकडे काही नाही, ते मूल कोणत्याही प्रमाणपत्राला पात्र ठरत नाही. खासगी केंद्रात एका बैठकीचे पाचशे रुपये धरले, तरी आठवड्याला दोन बैठकांप्रमाणे महिन्याला चार हजार होतात, आणि हे किमान वर्षभर चालते. आयकरातील सवलत या घरांना काय कामाची? तिथे आयकर भरण्याइतके उत्पन्नच नाही.

अशा मुलाची दखल घेणारी योजना माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे, ती म्हणजे 2013 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्यात तपासायच्या दोषांमध्ये भाषाविकासातील विलंबाचा स्पष्ट उल्लेख आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासायची, दोष आढळला तर जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे आणि तिथे बालरोगतज्ज्ञांपासून वाचाउपचार तज्ज्ञापर्यंत सर्वांनी एकाच छताखाली मोफत उपचार करायचे, अशी तिची रचना आहे. कागदावर हे उत्तम आहे. अडचण ‘जिल्हा पातळी’ या दोन शब्दांपाशी सुरू होते. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा बेळगावला जाऊन येतो. स्पीच थेरपीसाठी मात्र आठवड्यामागून आठवडे जावे लागते. निपाणीहून बेळगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे, आणि खानापूरच्या पश्चिमेकडील कणकुंबी, जांबोटी भागातल्या आईने भर पावसाळ्यात मूल कडेवर घेऊन दर आठवड्याला शहर गाठावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

2023 पासून शक्ती योजनेमुळे बायकांचा बसचा खर्च वाचला आहे, याबद्दल सरकारचे आभार मानलेच पाहिजेत. पण निपाणीत हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरीही बुडते. त्यामुळे चारसहा बैठका होतात, मूल थोडे रुळू लागते, आणि तेवढ्यात येणे-जाणे थांबते. मग केंद्राच्या वहीत ‘पालक नियमित येत नाहीत’ असा शेरा पडतो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या आईला तिथून मिळालेला कागद मी पाहिला आहे. घरी काय सराव घ्यायचा, हे त्यावर छापलेले होते. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आहे. थेरपिस्ट मुलगी मनापासून काम करणारी होती, पण तिचे आणि या आईचे बोलणे तोडक्यामोडक्या हिंदीत चालायचे, आणि मुलाच्या कानावर तर हिंदी कधी पडलेलीच नव्हती. तो कागद समजून घेतल्यावर लक्षात आले, की सांगितले होते ते अगदी सोपे होते. मूल ज्या वस्तूकडे बघते तिचे नाव घ्यावे. ते ‘बस’ म्हणाले तर आपण ‘लाल बस आली’ असे म्हणावे. प्रश्नांचा भडिमार न करता, त्याला उत्तर सुचेपर्यंत थांबावे. दुसऱ्या दिवसापासून ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळतानाच ‘पान’, ‘मोठं पान’, ‘दोरा दे’ असे त्याच्याशी बोलत राहिली. थेरपीच्या खोलीत आठवड्याचे दीड तास जातात, उरलेला सगळा वेळ घराचा असतो, आणि म्हणूनच घरच्या माणसांना न कळणाऱ्या भाषेत दिलेला सल्ला वाया जातो. भाषाविकासाची चाचणी परक्या भाषेत घेतली तर मुलाचा दोष आहे त्याहून मोठा दिसतो, किंवा खरा दोष झाकला जातो. जाता जाता हेही सांगते, की पुण्याची मराठी प्रमाण धरूनही चालणार नाही. आमचे मूल ‘मी जेवालोय’ म्हणाले तर तो त्याचा दोष नव्हे, इथे सगळेच तसे बोलतात.

कोल्हापूर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ आहे आणि तिथे मराठीतून उपचार मिळतात, म्हणून ज्यांना परवडते ते तिकडे जातात. पण तिथे फी खिशातून भरावी लागते, कारण आमच्या मुलांना पाठवण्याची सरकारी वाट बेळगावकडेच जाते.

आणखी एक गैरसमज शिकलेल्या लोकांतही पसरला आहे. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड आणि मोबाइलवर इंग्रजी गाणी, यामुळे मुलाचा गोंधळ होतो आणि म्हणून ते बोलत नाही, असे सांगून पालकांना ‘घरी एकच भाषा बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने भाषाविकासात दोष निर्माण होत नाही, हे या शास्त्रात आता पक्के मानले जाते. दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. त्यामुळे घरची भाषा सोडायला सांगणे चूक आहे, आणि कन्नड शिकू नकोस असे मुलाला सांगणेही तितकेच चूक आहे. या मुलांना इथेच राहायचे आहे, त्यांना दोन्ही भाषा लागणार आहेत.

उपाय फार खर्चिक नाहीत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 पासून याच कामासाठी उभी आहे आणि दूरसंवादाच्या माध्यमातूनही उपचार देते. बारावीनंतरचा एक वर्षाचा श्रवण, भाषा व वाचा पदविका अभ्यासक्रमही ती चालवते. खानापूर, निपाणी, चिकोडी येथील मराठी व कन्नड दोन्ही भाषा येणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन हा अभ्यासक्रम करू दिला, तर तालुका रुग्णालयात आठवड्यातून ठरलेले दोन दिवस पदवीधर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते काम करू शकतील. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा प्रत्यक्ष यावे, एरवी व्हिडिओवर मार्गदर्शन करावे. मुंबईत वांद्रे येथे याच कामासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तीही केंद्र सरकारचीच असल्यामुळे तिथल्या मराठी जाणणाऱ्या तज्ज्ञांची मदत बेळगाव जिल्ह्याने घेण्यात राज्याची सीमा आड यायचे कारण नाही. ग्रामपंचायतींतून नेमलेले पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल तर त्याची नोंद करून पुढे पाठवायचे, एवढे प्रशिक्षण त्यांना एका दिवसात देता येईल. सरावाचे कागद मराठीत छापायला तर छपाईपलीकडे खर्चच नाही.

राज्यघटनेच्या 350 अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे म्हटले आहे. जे मूल बोलायलाच शिकलेले नाही, त्याच्या बाबतीत या तरतुदीचा लाभ पहिलीच्या वर्गापासून मोजायला लागणे मला पटत नाही. हा प्रश्न सीमावादात ओढला जाऊ नये, अशी माझी दोन्ही बाजूंच्या नेत्यांना कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपण सर्वांनी पाहिले. ती योजनाही मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठीचीच असल्याने या मुलांना तिचा फारसा उपयोग नव्हता, ही गोष्ट वेगळी.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा आपल्या भागातील आमदारांनी तारांकित प्रश्न विचारून एवढी माहिती मागावी: बेळगाव जिल्ह्यात वाचाउपचार तज्ज्ञांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांपैकी मराठी बोलू शकणारे किती, आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी भाषाविलंबासाठी पाठवलेल्या मुलांपैकी प्रत्यक्षात किती मुलांचे उपचार पूर्ण झाले. ही माहिती तालुकावार मिळावी. उत्तर आले की आपल्या दैनिकाने ते जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
निपाणी, जि. बेळगाव