अण्णा, आगुंबे पाहून आले

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. मागच्या महिन्यात हेब्रीला तुमच्या घरी आले, तेव्हा हे सगळं समोर बसून बोलायचं ठरवूनच आले होते. पण मी "अण्णा, तुमचे आभार..." एवढं म्हणायचा अवकाश, तुम्ही विषय नीर डोशावर नेलात. मग ठरवलं, लिहायचं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. ठाण्यात चरईतल्या तुमच्या हॉटेलात बसून ज्या पोरांनी दूरदर्शनवरची 'मालगुडी डेज' ही मालिका पाहिली ती आमची चाळ आता पांगली आहे. कोणी डोंबिवलीला, कोणी घणसोलीला, कोणी पार नाशिकला. त्यांच्या वतीनेही हे आभार समजा.

१९८६-८७ चे दिवस. बाबांचा वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडला होता, तेव्हा घरात टीव्ही येण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीत ज्यांच्याकडे होता ते मालिका सुरू झाली की दार लोटून घ्यायचे. त्यांचंही बरोबर असेल, एका खोलीत किती पोरं मावणार! आम्ही तुमच्या हॉटेलच्या पायरीवर उभं राहून बघायला लागलो. पहिल्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या आठवड्यात आईला गाठून म्हणालात, "वहिनी, मुलींना रस्त्यावर उभं राहू देऊ नका. फॅमिली रूममध्ये बसवतो, माझी नजर आहे."

आणि तुम्ही टीव्ही फिरवलात. हे मी कधीच विसरणार नाही. गल्ल्याच्या वरच्या फळीवर तो ठेवलेला असायचा, शेजारी धर्मस्थळाच्या मंजुनाथाचा हार घातलेला फोटो. फॅमिली रूमच्या झुलत्या अर्ध्या दारांवरून आम्हाला दिसावं म्हणून तुम्ही संच तिरका करून खाली लाकडाची चिप बसवलीत. त्यामुळे गल्ल्यावरून तुम्हाला पडदा सरळ दिसेनासा झाला. पूर्ण भाग तुम्ही मान वाकडी करून बघायचात, एका हाताने सुटे पैसे मोजत. गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी ते टेबल त्या वेळेपुरतं आमचंच असायचं. आमच्याकडून तुम्ही कधी एक कप चहाचेही पैसे मागितले नाहीत. मालिकेच्या नावांमध्ये छोट्या स्वामीचं काम करणारा 'मास्टर मंजुनाथ' आला की फोटोकडे बोट दाखवायचात, "बघा, आमच्या देवाचं नाव!"

तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. मालिका रंगीत होती हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत, आणि मग आमचा खेळच सुरू झाला. अण्णा, ही भिंत कुठल्या रंगाची? ती माती? स्वामीच्या घरामागचं ते काय वाळत टाकलंय? आणि तुम्ही सांगायचात. माती लाल, आपल्या रत्नागिरीसारखी. कौलं नवी असताना लाल, चार पावसाळ्यांनी काळी. भिंतीवरचं शेवाळं इतकं हिरवं की हात लावला तर बोटाला रंग येईल. वाळत टाकलेली सुपारी आधी केशरी, मग तपकिरी. एल. वैद्यनाथन यांची ती 'ताना नाना' धून सुरू व्हायची, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं सरकायची, आणि तुम्ही पुढे होऊन तयार असायचात.

पुढे कधीतरी मामाकडे रंगीत टीव्हीवर तोच भाग पुन्हा पाहिला. माती लालच होती. मी मामाला पुढचे रंग आधी सांगत गेले, त्याला काही कळेना.

तुम्हाला हे सगळं कसं माहीत, याचं उत्तर तुम्ही एका पावसाच्या भागात दिलंत. लेखक आर. के. नारायण यांच्या गोष्टींतलं मालगुडी नकाशावर नाही, पण मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग यांनी ते जिथे उभं केलं ते आगुंबे तुमच्या घाटमाथ्यावर. घाटाच्या खाली तुमचं घर. "हा पाऊस सेटवरचा नाही हो," तुम्ही म्हणालात, "हा आमचा." वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस तो. त्या वेळी कोकण रेल्वे नव्हती, गावी जायचं म्हणजे बसमध्ये एक दिवस आणि एक रात्र. वर्षातून एकदा जमलं तर जमलं. आम्ही स्वामीची गोष्ट बघत होतो आणि तुम्ही तिच्या मागचं घर बघत होतात. हे मला शाळेत शिकवायला लागल्यावर, स्वतःचं घर झाल्यावर उमगलं. पण तुम्ही ते बघणं आमच्यापासून लपवलं नाहीत, आम्हालाही त्यात घेतलंत.

एक प्रसंग मात्र मी अजून मनात वागवते. स्वामी हेडमास्तरांच्या हातची छडी हिसकावून शाळेतून पळतो, तो भाग. आम्ही पोरांनी टेबलं वाजवली होती. तुम्ही मात्र गप्प होतात. भाग संपल्यावर आचाऱ्याशी तुळूत काहीतरी बोललात, मग आमच्याकडे वळून म्हणालात, "शाळा सोडू नका हां." एवढंच. तुम्ही अकरा वर्षांचे असताना कपबश्या विसळायला मुंबईला आलात आणि दिवसभराचं काम आटपून कानडी रात्रशाळेत शिकलात, हे मला बाबांनी सांगितलं. पळून जाणाऱ्या स्वामीकडे तुम्ही कुठल्या नजरेने पाहत होतात, ते मी आज माझ्या वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या, रात्री कामाला जाणाऱ्या मुलाकडे बघताना आठवते. त्याला मी ओरडत नाही. हे तुमच्याकडून आलंय, अण्णा.

शंकर नाग गेले ती ३० सप्टेंबर १९९०. दुसऱ्या दिवशी तुम्ही शटर अर्धं ओढून ठेवलं होतंत. तोवर त्यांच्या 'ऑटो राजा' या कन्नड चित्रपटामुळे तिकडचे रिक्षावाले त्यांचा फोटो रिक्षावर लावतात, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं होतं. पस्तीस वर्षांचा माणूस! मुंबईत मराठी नाटकांत वावरलेला, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात हात असलेला. हे दुसरं मला फार उशिरा वाचायला मिळालं आणि वाटलं, तुम्हाला तेव्हाच सांगता आलं असतं तर तुम्ही किती खूश झाला असतात. म्हणून आता सांगते.

२००६ मध्ये कविता लंकेश यांनी केलेले नवे भागही मी मन लावून पाहिले. माझं मन मात्र जुन्या एकोणचाळीस भागांतच राहतं. गिरीश कार्नाड यांनी केलेले स्वामीचे वडील बघितले की अजून पाठ ताठ होते. माझ्या शाळेत वार्षिक परीक्षा संपली की शेवटच्या दिवशी मी मुलांना एक भाग दाखवते. आता पडदा रंगीत आहे, तरी त्यांना रंग सांगायचा मोह मला आवरत नाही.

आणि शेवटी मागच्या महिन्यात ते गाव पाहिलं. ठाण्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस, उडुपीला तुमचा पुतण्या गाडी घेऊन हजर, हेब्रीला तुमच्याकडे मुक्काम, मग सोमेश्वरवरून घाट. चौदा वळणं त्याने न बोलता, हॉर्न देत घेतली. स्वामीचं घर म्हणून दाखवलं गेलेलं ते मोठं जुनं घर उभं आहे, आत लाकडी खांब, मधोमध उघडं अंगण. तिथल्या लोकांनी ओळखदेख नसताना जेवायला बसवलं. मी खांबाला हात लावला, भिंतीच्या शेवाळ्याला बोट लावलं. बोटाला हिरवा रंग आला, अण्णा. पुतण्याला मी ते बोट दाखवलं, तर तो म्हणाला, "पुसा ना." मी परत खाली येईपर्यंत पुसलं नाही.

तुमच्या हॉटेलच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मला वाईट वाटत नाही, कारण जे तिथे होतं ते तुम्ही आम्हाला देऊन गेलात. एका कारखाना बंद पडलेल्या घरातल्या मुलीला तुम्ही दर आठवड्याला हक्काची जागा दिलीत, आणि तिच्या आईच्या जिवाला घोर लागू दिला नाहीत. आईला हे पत्र आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, मीसुद्धा आभार मानलेत."

अरसाळूचं स्टेशन मात्र राहिलं. मालिकेतलं मालगुडी स्टेशन तेच, आणि तिथल्या जुन्या इमारतीत रेल्वेने आता मालगुडी संग्रहालय केलं आहे. ते मी मुद्दाम राखून ठेवलंय. मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला घेऊन येते, त्या वेळी तुम्ही आमच्याबरोबर यायचं. पुतण्याशी बोलणं झालंय, पुढची सीट तुमची. गुडघ्यांसाठी वाटेत तीर्थहळ्ळीला थांबू. तारीख नातवाकडून कळवा, म्हणजे मी तिकिटं काढते.

तुमची,
चाळीतली, आता मास्तरीण झालेली मुलगी
ठाणे