रात्री नऊच्या फोनबद्दल

सिस्टर,

सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही. नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळी मंडळी तुम्हाला सिस्टरच म्हणते. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

काचबिंदू निघाला तेव्हा माझा डोळा दुखत नव्हता. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जात होता. लक्ष्मी रोडवर अस्तराचं कापड आणायला जाताना डावीकडून येणारी गाडी अंगावर आल्यावरच दिसायची, पण पुण्यातल्या गाड्या अशाच येतात म्हणून मी सोडून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाजूची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. ती किती राहील, किती वर्षं राहील? "बघू." त्या 'बघू'नेच माझी झोप उडवली. फील्ड टेस्टला अंधाऱ्या खोलीत एका डोळ्यावर पट्टी लावून बसवतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ काही दिसलं नाही की घाम फुटतो. ठिपका आलाच नाही, की आला आणि मला दिसला नाही? बसल्या जागी कळायला मार्ग नसतो. घरी आले तरी मी त्याच खुर्चीत बसलेली असायचे.

आपली माणसं धावून आली, नाही असं नाही. कुणी म्हणालं, विश्वास कमी पडतोय. कुणी घराण्यातलं कुठलंसं पाप शोधून काढलं. प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्या एका चंगाई सभेच्या भाईंनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, बाटल्या फेकून दे, औषध घेणं म्हणजे देवावर शंका घेणं. आणि "भिऊ नको" तर सगळ्यांनीच सांगितलं. पवित्र शास्त्रात "भिऊ नको" कितीतरी ठिकाणी आहे, पण पुष्कळदा त्याला लागूनच "मी तुझ्याबरोबर आहे" हेही येतं. आमच्या लोकांनी पहिला अर्धा भाग सांगितला, चहा घेतला आणि घरी गेले.

तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, "थेंब कुठे ठेवतेस?" प्रार्थना नंतर. मग भावंडांनी डोळे तपासून घेतले का, ते विचारलंत, कारण हे घराण्यात चालतं. पापाची गोष्ट मी काढली तेव्हा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडलात. जन्मांध माणूस समोर बसलाय आणि शिष्यांना प्रश्न पडलाय, पाप याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. "दोन हजार वर्षं झाली उत्तर देऊन," तुम्ही म्हणालात, "अजून तोच प्रश्न विचारतात मेले." चर्चमधल्या बाईच्या तोंडी हा शब्द ऐकून मी कितीतरी दिवसांनी हसले.

पण मला लिहायचंय ते फोनबद्दल. माझ्या दोन बाटल्या. एकीचा थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, आणि दुसरीचा थेंब पाच मिनिटांनी. ती पाच मिनिटं मला खायला उठायची. रोज रात्री स्वतःच्या हाताने काळोख करून घ्यायचा आणि त्यात बसायचं, पुढे कायमचा आला तर कसा असेल ते चाखत. हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. तुम्ही आयुष्यभर वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या. तुम्हाला न सांगता कळलं असावं. नऊला फोन वाजायचा. "घातलास पहिला? मीट डोळे." आणि ती पाच मिनिटं तुम्ही बोलायचात. कधी स्तोत्र म्हणायचात, कधी नुसता भाजीचा भाव. अब्राहामाची गोष्ट तर माझ्या आवडीची झाली. पंचाहत्तरीला राहतं गाव हारान सोडून निघाला. कुठे जायचंय ते ठाऊक नाही, कोण नेतंय तेवढं ठाऊक. "तुझ्याकडे निदान पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख तरी आहे गं!" घड्याळात पाच मिनिटं झाली की, "आमेन. घाल दुसरा." एवढाच फोन. तुमच्या नातवाला डेंग्यू झाला तेव्हाही, हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून तुम्ही तो केलात; मागून स्ट्रेचरची चाकं ऐकू येत होती.

सगळं नीट होईल असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट दौंडच्या गाडीत बसवून केडगावला नेलंत. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या मुलीने, मनोरमेने, अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतलं होतं, हे मला तिथे कळलं. आणि त्याच रमाबाई म्हातारपणी कान गेलेले असताना हिब्रू-ग्रीक मुळावरून अख्खं बायबल मराठीत आणत बसल्या होत्या. परतताना तुम्ही प्रवचन दिलं नाहीत, शेंगा घेतल्यात. मी मात्र खिडकीशी बसून पहिल्यांदा हिशेब मांडला: नजर गेलीच, तर काय काय उरेल? यादी लांबली. देव त्यात होता, तुम्ही होतात, आणि खरं सांगते, हात लावून कापड ओळखायची माझी सवयसुद्धा होती. भीती पळाली नाही. तिच्याबरोबर स्वयंपाक करता येऊ लागला, मशीनवर बसता येऊ लागलं.

साधं वागणं किती दुर्मीळ झालंय, सिस्टर. वेळेवर फोन करणं, आजारी माणसाला त्याचा दोष न दाखवणं, ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं न भासवणं. याला ना बॅनर लागतं, ना लाऊडस्पीकर. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहणाऱ्यांत तुम्ही कधी दिसत नाही, म्हणून यंदा तुमची साक्ष मी दिली.

डोळ्याचा दाब सध्या आटोक्यात आहे. पुढची फील्ड टेस्ट नाताळाच्या आधी आहे. एकटीच जाणार आहे, रिक्षाने. नाताळच्या ब्लाउजचं कापड मात्र अजून आलेलं नाही तुमच्याकडून. मापं आहेत माझ्याजवळ. लवकर पाठवा, आणि शिलाईचं नाव काढलंत तर बघा.

तुमची,
रात्री नऊवाली