तिठ्यावरच्या मेणबत्त्या

महोदय,

गेल्या रविवारी सायंकाळी पेडण्यातील आमच्या वाड्याच्या तिठ्यावर आम्ही वीस-पंचवीस जण मेणबत्त्या घेऊन उभे होतो. मागणी एकच, युक्रेनमधील युद्ध थांबवा. ‘तुमच्या मेणबत्तीने रशिया माघार घेणार काय?’ असे एका स्कूटरवाल्याने विचारलेच. नाही घेणार, एवढे आम्हालाही कळते.

पण २४ फेब्रुवारी २०२२ ला आक्रमण झाले, तेव्हा माझ्याकडे भाड्याने राहणारी युक्रेनियन बाई रात्रभर बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, फोन कानाला लावून बसली होती. तिला चहा नेऊन दिला तो शेजारच्या खोलीतल्या रशियन मुलीने. दोघी काही बोलल्या नाहीत. आणि १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर सगळे सोडून अम्मानमार्गे परतलेले गोंयकार आजही आपल्यात आहेत. युद्ध परके असते काय, ते त्यांना विचारावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना हा काळ युद्धाचा नव्हे असे तोंडावर सांगितले होते. गोव्याच्या खासदारांनी तेच संसदेत पुन्हा लावून धरावे. येत्या रविवारीही आम्ही तिथेच असू. वारा फार असतो, मेणबत्तीसाठी काचेचा पेला घेऊन यावे.

— एक वाचक, पेडणे