कर्जफेडीबाबत सल्ला घेण्यासंबंधी सूचना
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ज्यांना कर्जाचे हप्ते भरणे जड जात आहे, त्यांनी हप्ता थकण्याची वाट न पाहता कर्ज सल्लागाराची भेट घ्यावी, कारण थकबाकी होण्याआधी मुदतवाढ मिळण्याची किंवा हप्ता कमी करून मिळण्याची शक्यता अधिक असते. येताना प्रत्येक कर्जाची शिल्लक, व्याजदर व देय तारीख एका कागदावर लिहून आणावी. कर्जासंबंधी आलेल्या पत्रांची भीतीपोटी न उघडलेली पाकिटेही तशीच आणावीत, त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. क्रेडिट कार्डावरील दरमहा ३ टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांवर जाते, त्यामुळे केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास मुद्दल जेमतेम हलते. आगाऊ शुल्क घेऊन कर्ज मिटवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांना कृपया पैसे देऊ नयेत.