तुझ्या वतीने बोलणं मी सोडते आहे

प्रिय सोनू,

काल नाटकाच्या तालमीहून आलीस ती थेट पांघरुणात शिरलीस. दुसऱ्या प्रवेशात संवाद आठवला नाही, शिकवणाऱ्या ताईंनी विंगेतून शब्द सुचवला तरी आवाज फुटेना. एवढं सांगितलंस आणि म्हणालीस, ''चार महिने क्लास करूनही भीती वाटतेच. मग उपयोग काय?'' तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

भीती जायलाच हवी, हे तुझ्या डोक्यात बहुधा मीच घातलं. क्लासला नाव घालताना ''आता धीट होशील बघ'' असं म्हणाले होते. ते चुकलं माझं. लॉरेन्स ऑलिव्हिए हा विसाव्या शतकातला फार मोठा इंग्लिश नट. पन्नाशी उलटल्यावर, १९६४ च्या सुमारास, त्याला रंगमंचाची अशी धास्ती बसली की ती पुढे काही वर्षं सुटली नाही. शेक्सपिअरच्या नाटकातली ऑथेल्लोची भूमिका करताना स्टेजवर एकटं राहायची वेळ आली, की तो सोबतच्या नटाला विंगेत आपल्याला दिसेल असं उभं राहायला सांगायचा. आयुष्यभर नाटक केलेल्या माणसाची ही गत, तर तुझे चार महिने ते किती! पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की घाबरलेल्या त्या माणसाने आधार शोधला तो सोबतच्या नटात.

तुमचे खेळ आठव. डोळे मिटून गोलात बसायचं, एकेकाने एकेक आकडा म्हणत वीसपर्यंत पोहोचायचं, दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात तू चिडून सांगितलं होतंस, ''सातच्या पुढे जातच नाही!'' त्या खेळात 'मी कशी दिसतेय' या विचाराला जागाच उरत नाही, सगळे कान दुसऱ्यांच्या श्वासाकडे लागलेले असतात. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत परदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी असे नाट्यखेळ रचले. खेळणाऱ्याला काहीतरी नेमकं काम द्यायचं, म्हणजे त्याचं लक्ष स्वतःवरून उठून त्या कामावर बसतं, ही त्यांची पद्धत. लाजरेपणावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ''लाजू नकोस'' असं म्हणून कुणाचीच लाज गेलेली मी पाहिलेली नाही.

गेल्या महिन्यात तुला न्यायला जरा लवकर आले होते. दार अर्धं उघडं होतं. तुम्ही आरशाचा खेळ खेळत होतात. समोरची मुलगी हात हळूहळू वर नेत होती आणि तू तिच्या डोळ्यांत बघत तसाच हात नेत होतीस. कितीतरी वेळ तुझी नजर खाली गेली नाही. पाहुण्यांनी नाव विचारलं की फरशीकडे बघणारी तू! मी दाराबाहेरच थांबले, मला तो खेळ मोडायचा नव्हता.

मग घरी येताना एक गोष्ट मला टोचत राहिली. पाहुणे नाव विचारायचे, आणि तू तोंड उघडायच्या आत उत्तर मीच द्यायचे. दुकानात, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे. तू अवघडू नयेस म्हणून करत होते, पण तुझी पाळी दर वेळी मीच खाऊन टाकली. क्लासमध्ये ताई तुझ्या उत्तरासाठी थांबतात. कधी अर्धा मिनिट सगळे गप्प बसतात म्हणे. ते थांबणं मला जमलं नव्हतं.

कालच्यासारखं पुन्हा होईल, रोज नाटक करणाऱ्यांचंही होतं. तेव्हा आठवायची धडपड सोड, श्वास पूर्ण बाहेर टाक आणि समोरचीकडे बघ. ती तुझ्याकडून काय मागतेय ते कळलं की शब्द बहुतेक वेळा येतो, नाही आला तर स्वतःच्या शब्दांत बोल. आणि हो, चुकल्यावर तिथे कुणी हसून तुझा पाणउतारा केला किंवा ओरडलं, तर मला सांग. तसल्या ठिकाणी मी तुला एक दिवसही ठेवणार नाही. नुसता कंटाळा आला असेल तर हा प्रयोग होऊ दे, मग ठरवू. मुख्य भूमिका मिळते का, याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी ''काय होतंय?'' असं विचारलं, की मी गप्प बसणार आहे. तुला वेळ लागला तरी चालेल. मी शेजारच्या खुर्चीत असेन, तुला दिसेन अशी.

तुझी,
आई