तक्रार: कूलंट टेंपरेचर सेन्सर दोनदा बदलला, दोष मात्र कपलरच्या वायरमध्ये होता

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीच्या निदानावरून थर्मोस्टॅट व कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलल्याबाबत आणि त्या खर्चाच्या परताव्याबाबत.

महोदय,

माझी पेट्रोल गाडी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एकाच तक्रारीसाठी तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा तक्रार न सुटताच परत मिळाली. चेक इंजिनचा दिवा लागलेला, गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला लांब स्टार्टर मारावा लागणे, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, आणि लिटरला १७ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज १२ वर आलेले. टेंपरेचरचा काटा तर कितीही गाडी चालवली तरी पावाच्या वर जात नव्हता. हे सगळे तिन्ही जॉबकार्डांवर लिहिलेले आहे.

पहिल्या वेळी स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला. इंजिन अपेक्षेइतके गरम होत नाही, एवढेच तो कोड सांगतो. का होत नाही, हे शोधणे मेकॅनिकचे काम. ते न शोधता थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलला गेला. दुसऱ्या वेळी सेन्सर, म्हणजे कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवणारा भाग, बदलला. तिसऱ्या वेळी "नवीन सेन्सरच डिफेक्टिव्ह निघाला असेल" असे सांगून आणखी एक बसवला. एकदाही कोणी वायरीतला रोध मोजणारा मल्टीमीटर हातात घेतलेला मी पाहिला नाही, आणि मी तिन्ही वेळा तिथेच बसून होतो.

खूण तर दुसऱ्याच भेटीत समोर होती. गाडी रात्रभर आपल्याकडे उभी होती. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान २४ अंश आणि कूलंटचे १६ अंश दिसत होते. मी विचारले, तेव्हा "एवढा फरक चालतो" असे उत्तर मिळाले. रात्रभर उभ्या गाडीतले कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा आठ अंशांनी थंड कसे होईल? थंड इंजिनात हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

तिसऱ्या भेटीनंतर चार दिवसांनी मी रहदारीत अडकलो होतो. एसी बंद होता. बोनेटमधून वाफ येऊ लागली, कूलंट उकळून बाहेर आले, आणि काटा त्या क्षणीही पावावरच होता. रेडिएटरचा पंखा फिरलाच नाही, कारण इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन अजून कोमट होते. तोपर्यंत एसीमुळे पंखा फिरत होता, म्हणूनच निभावले होते. मागच्या सीटवर माझी आई बसली होती. हे पत्र मी पैशांपेक्षा त्या प्रसंगामुळे लिहीत आहे.

गाडी टो करून एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी आधी कूलंट भरून हवा काढली, इंजिन गरम केले आणि इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरला. तिथे ८५ अंश होते, स्कॅनरवर ४१. मग सेन्सरचा कपलर, म्हणजे त्याला वायरी जोडणारा प्लग, काढला. स्कॅनर उणे ४० वर गेला, म्हणजे सर्किट उघडे पडल्यावर दिसायला हवा तोच आकडा. त्यानंतर कपलरमधल्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. आकडा १२० च्या पुढे जायला हवा होता. तो ४८ वरच थांबला. सेन्सर सर्किटमध्ये नसतानाही आकडा चुकीचा, म्हणजे दोष सेन्सरचा नाही हे तिथेच सिद्ध झाले. याला दहा मिनिटे लागली नाहीत.

कपलरमागचे इन्सुलेशन सोलल्यावर पिनेच्या क्रिंपमध्ये, म्हणजे वायर पिनेत दाबून बसवलेल्या जागी, हिरवा गंज निघाला. त्या जोडात सुमारे ९०० ओहम जादा रोध होता. या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो, म्हणून जादा रोध दिसला की कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटते आणि तो जादा पेट्रोल सोडतो. थंड असताना तो दोन हजार ओहमच्या वर असतो, त्यामुळे ९०० ओहमने आकडा थोडाच चुकतो. गरम इंजिनात मात्र तो तीनशेच्याही खाली येतो आणि तिथे तेच ९०० ओहम सगळा हिशोब बिघडवतात. इंजिन ११० अंशांना पोहोचले असते तरी काटा हललाच नसता. त्याच गंजलेल्या कपलरला आपण एकामागोमाग दोन नवे सेन्सर जोडलेत.

पीन बदलून नवीन क्रिंप केल्यावर आता आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राहतो, पंखा वेळेवर सुरू होतो आणि गरम इंजिन अर्ध्या स्टार्टरला सुरू होते. काढलेले जुने भाग मी मागून घेतले होते. उकळत्या पाण्यात मूळ सेन्सर आणि आपण बसवलेला पहिला सेन्सर दोन्ही दोनशे ओहमच्या आतच आले, एकमेकांशी जुळणारे. जुना थर्मोस्टॅटही पाणी तापताना व्यवस्थित उघडला. एकही भाग खराब नव्हता.

आपल्या मेकॅनिकना काही येत नाही, असे माझे म्हणणे नाही. ब्रेकचे काम त्यांनी नेहमी चोख केले आहे. पण विजेच्या तक्रारीत आधी पार्ट बदलायचा आणि मग पाहायचे, ही पद्धत मला धोकादायक वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत. थर्मोस्टॅट, दोन्ही सेन्सर आणि तिन्ही वेळची मजुरी यांची पूर्ण रक्कम परत करावी. तीन महिने जादा पेट्रोल जळत होते, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि स्पार्क प्लग आपल्या खर्चाने तपासून लेखी अहवाल द्यावा. इंजिन उकळल्यामुळे हेड गॅस्केटची प्रेशर टेस्टही करावी. तिन्ही भेटींत कोणती तपासणी केली, कोणते आकडे मिळाले आणि कशाच्या आधारे पार्ट बदलला, हे मला लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

तिन्ही जॉबकार्डे, बिले, स्कॅनरचे फोटो आणि कापून काढलेल्या वायरचा फोटो सोबत जोडला आहे. वायरचा तो तुकडा आणि जुने भाग मी जपून ठेवले आहेत. आपला माणूस आला तर दाखवीन.

आपला,
वाहनमालक