खुले पत्र: लोहाच्या गोळ्या वाढवण्याआधी ट्रान्सफेरिन तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

महिनाभर लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन किमान 1 ग्रॅमने वाढले नाही, तर रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवा, असे ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’च्या सूचना सांगतात. आमचे म्हणणे त्यापुढच्या पायरीबद्दल आहे. ‘गोळ्या नीट घेत नसाल’ म्हणत डोस वाढवण्याआधी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहणाऱ्या प्रथिनाच्या किती टक्के जागा भरल्या आहेत, ते पाहिले जावे.

ट्रान्सफेरिन हे यकृतात तयार होणारे, रक्तातून लोह वाहून नेणारे प्रथिन. एका रेणूवर लोहाचे दोनच अणू बसतात. दोन सीटची रिक्षाच म्हणा. लोह कमी पडले की यकृत रिक्षा वाढवते आणि त्या बहुतेक रिकाम्या धावतात. क्षयरोगात किंवा जुन्या संधिवातात लोह साठ्यातच अडकते, आणि रिक्षाही घटतात.

म्हणून नुसते सीरम आयर्न, म्हणजे रक्तात त्या वेळी फिरणारे लोह, फसवते. दोन रिपोर्ट शेजारी ठेवा, दोन्हींत आयर्न 30 मायक्रोग्रॅम. एकात टीआयबीसी, म्हणजे लोह धरण्याची एकूण क्षमता, 450. तीस भागिले साडेचारशे, सॅच्युरेशन जेमतेम 7 टक्के: ही खरी कमतरता. दुसऱ्यात टीआयबीसी 180, सॅच्युरेशन 17 टक्के. इथे गोळ्यांआधी आजार शोधायला हवा. लोहाचा साठा दाखवणाऱ्या एकट्या फेरिटिनवरही विसंबता येत नाही. जंतुसंसर्गात ते वाढते आणि कमतरता झाकते.

एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 65 इतका कमी, पण सॅच्युरेशन 30 टक्के असेल, तर थॅलेसेमिया मायनरचा (या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असण्याचा) संशय घेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी, करावी. मात्र लोह कमी असताना हिमोग्लोबिन ए2, म्हणजे वाहकांत वाढलेला दिसणारा प्रकार, थोडे खाली येते आणि काठावरचा वाहक निसटतो. अशा वेळी लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी लागते.

नमुन्यात होणाऱ्या चुका साध्याच असतात. सीबीसीची (रक्तपेशी मोजणीची) जांभळ्या झाकणाची नळी इथे चालत नाही: त्यातले ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन लोह पकडून ठेवते, चाचणीचा रंग नीट उमटत नाही आणि आयर्न खोटे कमी येते. लाल झाकणाची साधी नळी हवी. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यावे, आदल्या दिवशीची गोळी टाळावी. गोळीनंतर काही तास आयर्न चढलेले असते आणि सॅच्युरेशन उगाच चांगले दिसते. सीरम दोन तासांत वेगळे करावे. गरोदरपणात ट्रान्सफेरिन मुळातच वाढते, त्यामुळे तो रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचावा.

मागणी एवढीच: उपजिल्हा रुग्णालयांच्या चाचणीयादीत सीरम आयर्न आणि टीआयबीसी जोडीने असावे, एकेकटे नको. रेफरल चिठ्ठीवर ‘शेवटची गोळी कधी घेतली’ असा रकाना असावा. आणि लाल झाकणाच्या नळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचाव्यात. त्या महाग नाहीत.

आपले,
वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ